पहिलं नाव

बुद्धसंवत २५४१, बाहेरच्या जगाच्या हिशेबानं १९९८. त्या वर्षी जून महिन्यातल्या एका दुपारी केसिनीनं ग्रंथालयाच्या सर्वांत खालच्या फळीवरून एक जाडजूड खंड दोन्ही हातांनी ओढून काढला, फरशीवरच बसकण मारली आणि पिशवीतून भिंग काढलं.

खंडातली अक्षरं मुंगीच्या पायांएवढी होती. जगातल्या कुठल्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढं कुणी, कुठं केला, एवढीच नोंद त्या खंडांत असे. आवडीनं वाचावं असं त्यात काही नव्हतं. पण केसिनी ओळीखाली बोट धरून वाचत होती आणि मधूनच तिच्या ओठांची एक कड वर उचलली जात होती.

"पी केत, खाली का बसलात?" दुआननं वरून वाकून विचारलं. दुआन त्याच विभागात शिकवायची. केसिनीहून बरीच लहान, म्हणून थोरल्या बहिणीला लावतात तसं तिच्या 'केत' या हाकेच्या नावाआधी पी लावायची. "डीनसाहेबांनी पाहिलं तर म्हणतील, आमच्या प्राध्यापिका आता लादी पुसतात."

"ते डोळ्यांचे डॉक्टर. त्यांना आधी माझं भिंग दिसेल."

"सापडलं का काही?"

"खंडीभर सापडतंय. तुझे आजान विचियन फार गाजलेत गं बाहेर."

"माझे का? तुमचेही आजान तेच."

आजान म्हणजे गुरुजी; विचियन दोघींचेही. केसिनीनं भिंग पुढच्या ओळीवर सरकवलं.

काम डीनसाहेबांनीच दिलं होतं. आजान विचियन सप्टेंबरअखेरीस साठीला पोचून निवृत्त होणार होते. लाम्पांगच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयातला आनुवंशिकी विभाग त्यांनीच उभा केलेला. डोंगरातल्या गावागावांत थॅलेसेमियाची तपासणी त्यांनीच नेलेली. मोठा माणूस निवृत्त झाला की त्याच्या नावानं एक ग्रंथ छापायचा आणि समारंभात पाहुण्यांच्या हातात ठेवायचा, ही जुनी रीत. पुढं फोटो, मध्ये गौरवाचे लेख आणि शेवटी त्याच्या सगळ्या शोधनिबंधांची यादी. या वेळी मात्र डीन पायबून यांना एवढ्यावर भागवायचं नव्हतं. मंत्रालय आता विचारू लागलं होतं, तुमच्याकडे लिहिलेलं बाहेर कुणी वाचतं का म्हणून.

"नुसती यादी नको," ते केसिनीला म्हणाले होते. "कुणी कुणी उल्लेख केला, तेही येऊ दे. त्यांच्या एका निबंधाला शंभरावर उल्लेख आहेत म्हणे. आपल्याकडं दुसऱ्या कुणाला त्याच्या पाव हिश्श्यानंही नाहीत. मंत्रीसाहेबांच्या हातात देता येईल असं करा. तुम्ही त्यांच्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी. तुमच्याशिवाय कोण करणार हे?"

केसिनीनं हात जोडून मान लववली होती. शंभरावर उल्लेख असलेला तो निबंध कोणता, हे तिला विचारावं लागलं नाही.

तो निबंध तिचा होता.

२५२० सालच्या एप्रिलमध्ये ती सव्वीस वर्षांची होती. सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाच्या आदल्या दिवशी ती आणि विचियन हुआय नोक नावाच्या डोंगरातल्या खेड्यातून रक्ताचे नमुने घेऊन परतत होते. विचियन तेव्हा चाळिशीच्याही अलीकडचे, बाह्या दुमडून स्वतः गाडी चालवणारे, डोंगराच्या वळणावर मोठ्यानं गाणारे. पुढच्या सीटवर यंत्र बांधलेलं, म्हणून केसिनी मागं उघड्या हौद्यात, मांडीशी नळ्यांची पेटी घेऊन बसली होती. खाली उतरावं तसं ऊन चढत गेलं. गावागावात पोरांनी रस्ता अडवलेला. हातात डबे, बादल्या, पिंपं. एकाही गावानं त्यांना कोरडं सोडलं नाही. नगाओच्या बाजारात तर गाडी पुढं सरकेचना. पिंपातलं पाणी उन्हानं कढत झालं होतं आणि बर्फवाल्यानं दुकान लावून घेतलं होतं. कुणीतरी ओरडलं, गाडीत बर्फ आहे! मग काय विचारता. बर्फ पडलेलं पाणी मानेवर ओतलं की जीव कसा कळवळतो आणि त्याच क्षणी किती सुख होतं, ते लाम्पांगचा एप्रिल सोसलेल्यालाच माहीत. केसिनीचे तळवे गारठून लाल झाले होते. ते तिनं आपल्याच गालांवर दाबून धरले होते. आरशातून तिच्याकडं बघत विचियन हसत होते. त्या दिवसाइतकी ती पुढं कधी हसली नाही, आणि ही गोष्ट तिला त्या दिवशीही कशी कोण जाणे, कळलेली होती.

सण संपल्यावर तिनं पट्ट्या लावल्या. ओल्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून वीज सोडली की हिमोग्लोबिनची प्रत्येक जात आपापल्या वेगानं सरकते आणि आपापल्या जागी थांबते. हुआय नोकच्या एका आईच्या आणि तिच्या लहान मुलीच्या रक्तात एक रेघ अशा जागी थांबली होती, जिथं आजवर कुठलीच थांबली नव्हती. केसिनीनं पट्टी पुन्हा लावली. पुन्हा लावली. रेघ तिथंच. नवं हिमोग्लोबिन सापडलं की ज्या गावात सापडलं त्या गावाचं नाव त्याला द्यायचं, अशी या शास्त्राची पद्धत. तिनं स्वतःच्या हातानं कागदावर मथळा लिहिला, 'हिमोग्लोबिन हुआय नोक', आणि त्याखाली पहिलं नाव स्वतःचं घातलं. दुसरं आजानचं.

पुढच्या वर्षी निबंध परदेशी मासिकात छापून आला, तेव्हा पहिलं नाव विचियन यांचं होतं. दुसरं बँकॉकच्या एका बड्या डॉक्टरांचं. केसिनी शेवटच्या ओळीत होती, तांत्रिक साहाय्याबद्दलच्या आभारांत, प्रयोगशाळेला वीज पुरवणाऱ्या अभियंत्याच्या शेजारी.

ती अंक घेऊन त्यांच्याकडं गेली. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला.

"तुझं वय आहे अजून," ते म्हणाले. "पुढच्या वेळी तुझं पहिलं."

ती पुढची वेळ केसिनीनं येऊच दिली नाही. तिनं रक्ताचं काम सोडलं आणि गुणसूत्रांच्या खोलीत बदली मागून घेतली. पुन्हा हिमोग्लोबिनबद्दलचं एक पान वाचलं नाही. विचियन त्या निबंधावर प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. दर सोंगक्रानला सगळा विभाग त्यांच्या घरी जाई, त्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओती, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा मागे आणि आशीर्वाद घेई. त्या दिवशी केसिनीचं डोकं दुखे. दरवर्षी दुखे. विचियनही दरवर्षी कुणाकडून तरी डोकेदुखीच्या गोळ्या पाठवत. ती त्या गोळ्या खिडकीतून खाली टाके.

आता खंडांतून उल्लेख शोधून झाल्यावर तिनं ते उल्लेख करणारे मूळ लेख मागवले. डीनसाहेबांना आकडा पुरला असता. पण केसिनीला वाचायचं होतं, आपल्या पाठीवर पाय देऊन हा माणूस किती उंच चढला ते.

बँकॉकहून छायाप्रतींचं पहिलं पाकीट आलं, तेव्हा तिनं ते टपालखान्याच्या पायरीवरच फोडलं. पहिला लेख जपानी माणसाचा होता. तिनं एक परिच्छेद वाचला. परत वाचला. मग रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेली, कोंबड्याचं चित्र असलेल्या वाडग्यातून शेवया मागवल्या, त्या संपवल्या आणि आणखी एक वाडगा मागवला.

हिमोग्लोबिन हुआय नोक नव्हतंच. कधीच नव्हतं. ती रेघ शिळ्या रक्ताची होती.

पाकिटामागून पाकिटं येत गेली. जर्मनी, अमेरिका, हॉलंड, मलेशिया. शंभरावर लोकांनी विचियन यांचं नाव घेतलं होतं खरं, पण शिकाऊ मुलांना खड्डा दाखवावा तसं. डीन पायबून यांना हे ठाऊक नव्हतं, कारण ते डोळ्यांचे डॉक्टर. ज्या दोघाचौघांना ठाऊक असेल, त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मोठ्या माणसाचा चेहरा चारचौघांत उतरवायचा, हे लाम्पांगमध्ये कुणाच्या हातून होत नाही.

केसिनीच्या हातून होणार होतं. आणि तेही एक शब्द पदरचा न घालता.

तिनं प्रत्येक लेखातलं नेमकं ते वाक्य काढलं, जिथं विचियन यांचं नाव होतं. इंग्रजीत ठेवली असती तर वाक्यं तशीच पडून राहिली असती. गौरवग्रंथातलं इंग्रजी कोण वाचतं? म्हणून तिनं सगळी वाक्यं थाईत आणली. सोप्या, स्वच्छ थाईत. विचियन यांच्या बायकोला वाचता येतील, त्यांच्या ड्रायव्हरला, विहारातल्या भिक्खूंना, मंडईतल्या फुलवालीला वाचता येतील अशी. संध्याकाळी पंख्याखाली बसून ती एकेक शब्द घासूनपुसून लावत असे. इतक्या वर्षांत कुठल्याही कामाला तिनं इतका जीव लावला नव्हता. उन्हाबद्दलची वाक्यं तिला सर्वांत आवडली. सणाचे चार दिवस ती पेटी विचियन यांच्याच खोलीत राहिली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. ती स्वतः त्यांच्या हातात देऊन घरी गेली होती.

दुआननं ती पानं संगणकावर उतरवायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर थांबली.

"पी केत. हे काय आहे?"

"उल्लेख. डीनसाहेबांना हवे होते ना?"

दुआननं दाराकडं पाहून आवाज खाली आणला आणि वाचलं. "'विचियन यांना दिसलेली रेघ नव्या हिमोग्लोबिनची नसून निष्काळजीपणाची आहे.' अगं बाई! 'नमुने थंड न ठेवल्यास काय होतं, हे शिकण्यासाठी विद्यार्थ्यांनी हा निबंध अवश्य वाचावा.' आणि हे तर... 'हुआय नोकचं हिमोग्लोबिन फक्त हुआय नोकच्या उन्हात सापडतं.' हे कुणी लिहिलं?"

"हॉलंडच्या माणसानं. रसिक दिसतो."

"आणि हे मंत्र्यांच्या हातात द्यायचं? त्यांच्या बायकोसमोर? पी केत, तुमचं डोकं फिरलंय."

"यातलं एक तरी वाक्य मी माझ्या मनचं घातलंय का, दाखव."

"तेच तर. तुमच्या मनचं असतं तर भांडता आलं असतं." दुआननं खुर्ची मागं सरकवली. "आजानना दाखवल्याशिवाय मी हे छापखान्यात देणार नाही. उद्या सगळे मलाच धरतील. तुम्हाला कोण बोलणार, तुम्ही काय, डोकं दुखतंय म्हणून मोकळ्या."

केसिनीनं पानं गोळा करून टेबलावर आपटून सारखी केली.

"मीच नेऊन दाखवते," ती म्हणाली. खरं तर तिला तेच हवं होतं. पाहुण्यांआधी तो चेहरा एकदा तिला एकटीला पाहायचा होता.

विचियन यांचं घर वांग नदीच्या काठी होतं, सागवानी, खांबांवर उचललेलं. ती रविवारी सकाळी गेली. ते वर ओसरीवर एकटेच बसले होते. केस काळे केलेले, पण कानामागं रंग चुकला होता.

"ये, केसिनी. बायको विहारात गेलीय, म्हणून ओलियांग पितोय," ते म्हणाले आणि काळ्या गोड कॉफीच्या पेल्यात बर्फाचे दोन खडे टाकले. "डॉक्टरांनी साखर बंद केलीय. म्हणजे मीच केलीय. तुला देऊ?"

"नको, आजान. ग्रंथाची पानं आणलीयत. तुमची नजर फिरायला हवी."

त्यांनी चष्मा लावला. केसिनी समोरच्या चटईवर पाय एका बाजूला घेऊन बसली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली. नदीत कुणीतरी कपडे आपटत होतं. विचियन पान उलटत होते, घाई न करता. भुवई हलली नाही. एका जागी मात्र ते चक्क हसले.

"हा हॉलंडचा. भेटलोय मी याला. जेवायला माझ्या शेजारीच बसवला होता. अख्खं जेवण बिचारा हवामानावर बोलत होता."

केसिनी चटईवरून पुढं सरकली.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? पहिलं पत्र मलाच आलं, त्या जपान्याचं. इतकं नम्र पत्र होतं की मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

"मग निबंध मागं का नाही घेतलात?"

"घेतला असता, तर कुणीतरी विचारलंच असतं, चूक झाली कशी." त्यांनी पेल्यातला बर्फाचा खडा चमच्यानं वर काढला आणि पुन्हा सोडला. "काय सांगायचं होतं मी? नगाओचा बाजार सांगायचा होता?"

केसिनीनं पेल्यातल्या खड्याकडं पाहिलं.

"बर्फ आठवतो का तुला, केसिनी?"

खाली कपडे आपटण्याचा आवाज थांबला. केसिनीचे हात मांडीवर होते. तिनं ते पालथे घातले.

"पेटी तुमच्या खोलीत होती," ती म्हणाली. "चारही दिवस."

"चारही दिवस थंड कपाटात होती. त्या संध्याकाळी तू गेल्यावर मी उघडली, तेव्हा आत नुसतं पाणी होतं. कोमट. वरच्या थरातल्या नळ्या हाताला ऊन लागल्या. हुआय नोकची ती आई आणि मुलगी शेवटी आल्या होत्या ना, त्यांच्याच नळ्या वर होत्या. दोन्ही हातांनी वाटलास तू त्या पोरांना बर्फ. लग्नघरी लाडू वाटावेत तसा."

"तुम्ही आरशातून बघत होता. एक शब्द बोलला नाहीत."

"बघत होतो. छान दिसत होतीस."

"आणि संध्याकाळी? पेटी उघडल्यावर?"

"सणाचा दिवस होता. म्हटलं, कशाला पोरीचं तोंड उतरवा."

"आणि निबंध नेलात तेव्हा?"

विचियन यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"तेव्हा विसरलो," ते म्हणाले. "विसरणं सोयीचं होतं. एवढी सुंदर रेघ! खरी असती तर?"

मग त्यांनी पानं गुडघ्यावर ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि त्या निबंधाच्या नोंदीत, स्वतःच्या नावाच्या आधी, मोकळ्या अक्षरांत केसिनीचं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. शाई वाळेपर्यंत पान हातात धरून ठेवलं.

"हे काय करताय, आजान?"

"तुझं आहे ते तुला देतोय. पहिलं नाव तुझंच होतं. तू मला अंक दाखवायला आली होतीस, तो दिवस मी विसरलो असेन असं वाटलं तुला? मासिकालाही कळवतो, मूळ लेखिका ही, माझ्याकडून अन्याय झाला. जिवंत आहे तोवर निस्तरलेलं बरं."

"नको."

"का?"

तिनं तोंड उघडलं. का, ते सांगायचं तर बर्फापासून सांगावं लागलं असतं, आणि तेही डीनसाहेबांना, दुआनला, सगळ्यांना. नदीवरचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

"एकवीस वर्षं मागत होतीस ना?" विचियन यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुठंही धार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"मग ती वाक्यं काढून टाकते मी."

"छे, छे. वाक्यं राहू देत. किती सुरेख उतरवलीस थाईत! मी वाचताना दोनदा थांबलो." त्यांनी पानं तिच्यापुढं धरली, दोन्ही हातांनी, मोठ्या माणसाला काही द्यावं तशी. "फक्त एक बदल कर. जिथं जिथं 'विचियन यांना' आहे, तिथं 'केसिनी आणि विचियन यांना' कर. नाहीतर लोक म्हणतील, नाव परत दिलं ते अर्धंच दिलं."

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी महाविद्यालयाच्या सभागृहात समारंभ झाला. तोरणांना ऑर्किड होते, मंत्री नाही पण त्यांचा सचिव आला होता. डीन पायबून ध्वनिक्षेपकावर म्हणाले की, आपल्या विद्यार्थिनीला तिचा शोध जाहीरपणे परत करणारा गुरू त्यांनी आयुष्यात पाहिला नाही, आणि या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण प्रत्येकानं घरी नेऊन वाचावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका पदराआड कुजबुजावं तशा पंख्याआड कुजबुजल्या, डोळे पुसले. विचियन यांच्या बायकोनं केसिनीला जवळ घेतलं.

"यांच्या मनात हे फार वर्षं होतं हो," ती म्हणाली.

केसिनीनं हात जोडले. दिवसभर ती हात जोडतच होती. संध्याकाळपर्यंत काही जणांनी शेवटचं प्रकरण उघडलं, काही ओळी वाचल्या आणि इतक्या हळुवारपणे पुस्तक मिटलं की ते तिला पाठीमागूनही ऐकू आलं. सगळ्यांनी तिला जेवायला आणखी वाढलं.

निघताना दुआन तिच्या शेजारून चालत राहिली.

"मला एकच सांगा, पी केत. हे कुणी कुणाला केलं?"

"चप्पल बघ तुझी, बंद सुटलाय," केसिनी म्हणाली.

डीन पायबून पुढं दोन वर्षांनी बँकॉकला मोठ्या पदावर गेले. तो निबंध त्यांच्या भाषणांत बरीच वर्षं येत राहिला. तो कशाबद्दल आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दुआन विभागप्रमुख झाली. तिनं भिंतीवर एक पाटी लावून घेतली, नमुन्यांची पेटी सणासुदीला कुणीही उघडू नये म्हणून, आणि कारण विचारणाऱ्यांना ती केसिनीकडं पाठवत नसे. हुआय नोकची ती मुलगी मोठी होऊन आंबवलेल्या चहाच्या पानांचा धंदा करू लागली. तिला तीन मुलं झाली, सगळी धडधाकट. आपल्या गावाच्या नावाचं काही जगात होतं आणि नाहीसं झालं, हे तिच्या कानावर कधी गेलं नाही.

मासिकानं दुरुस्ती छापली. तेव्हापासून जगात कुठंही कुणी रक्त तापू दिलं, की लिहिणारे पहिलं नाव केसिनीचं घेतात. अजूनही वर्षाला दोन-चार उल्लेख येतात. तिच्या नावावरच्या बाकी कुठल्याच निबंधाला तेवढे नाहीत.

समारंभानंतरच्या पहिल्याच सोंगक्रानला तिचं डोकं दुखलं नाही. ती रांगेत उभी राहिली. सगळ्यांच्या वाट्यांत मोगऱ्याच्या कळ्या टाकलेलं सुगंधी पाणी होतं. तिच्याही वाटीत तेच होतं, फक्त ते सकाळपासून बर्फात ठेवलेलं होतं. विचियन यांच्या जुळवलेल्या तळहातांवर तिनं वाटी कलती केली. त्यांची बोटं आखडली, खांदे वर गेले, पण हात मागं आले नाहीत. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं वाटी उचलली नाही. मग त्यांनी तो गारठलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. पुढं ती दरवर्षी गेली. दरवर्षी तेच पाणी नेलं. एका वर्षी तिला रांगेत यायला उशीर झाला, तर ते मध्येच हात आवरून तिची वाट पाहत बसले होते.

२५५० साली, पावसाळा संपता संपता ते गेले. विहारात त्यांना पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं, उजवा हात तेवढा बाहेर, उशीवर, मेलेल्याच्या हातावर पाणी ओतून निरोप घेतात त्यासाठी. रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. केसिनीची पाळी आली तेव्हा कुणीतरी भरलेली वाटी तिच्या हातात दिली. तिनं आत बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं.

ती रांगेतून बाजूला झाली. मागच्यांना पुढं जाऊ दिलं.

"काय झालं, पी केत?" दुआननं विचारलं. "बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय," केसिनी म्हणाली. "जा, जरा बर्फ कुठं मिळतोय का बघ."